केमो देणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र: पहिल्या सलाईनआधी तळपाय बघा

कर्करोगतज्ज्ञ मित्रहो, आणि डे-केअरमध्ये केमो लावणाऱ्या सिस्टर-ब्रदर मंडळींनो,

हे तुमच्याशी खासगीत बोलता आलं असतं. पण पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनीही ते वाचावं असं वाटतं, म्हणून उघड लिहिते आहे. मी त्वचारोगतज्ज्ञ. तुमचे पेशंट माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तळव्यांची सालं निघालेली असतात, नख उचललं जाऊन खालून पू येत असतो, किंवा चेहऱ्यावरच्या पुरळाला मुरूम समजून कुणीतरी सुचवलेलं मुरमांचं मलम महिनाभर लावून झालेलं असतं. मग डोस थांबतो, कधी औषधच बदलावं लागतं. तोवर पेशंट रात्र रात्र जागून काढत असतो, आणि त्याची नोंद फाइलमध्ये कुठेच नसते.

मला खटकतं ते हे, की यातलं फारच थोडं अचानक घडतं. औषधाचं नाव सांगा, केमोची कितवी सायकल (औषधाची फेरी) ते सांगा. त्वचेवर काय होईल, कुठे होईल आणि साधारण कोणत्या आठवड्यात होईल, हे बऱ्याचदा आधी सांगता येतं. उलट्यांच्या बाबतीत आपण पेशंटला उलटी होण्याची वाट बघत नाही. सलाईन सुरू व्हायच्या आधीच उलटी रोखणारं औषध शिरेतून जातं, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. त्वचेच्या बाबतीत मात्र आधी होऊ द्यायचं आणि मग बघायचं, अशी रीत पडून गेली आहे. ती मोडावी म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमची ओपीडी मी पाहिली आहे. स्कॅन, काउंट (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, किडनी, पुढची तारीख, आणि दाराबाहेर ताटकळलेली माणसं. गाठ आधी, बाकीचं नंतर, हे मलाही मान्य आहे. पण त्वचेमुळे गाठीचं औषध अडतं तेव्हा ती गाठीचीच गोष्ट होते.

कॅपेसिटाबीनपासून सुरुवात करते, कारण सगळ्यांत उशिरा येतात ते याच गोळीचे पेशंट. ही केमो घरी घ्यायची. साधारणपणे 14 दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मग 7 दिवस सुट्टी. सुई नाही, बेड नाही, शेजारी सिस्टर नाही. म्हणजे तीन तीन आठवडे त्या माणसाचे हातपाय कुणा जाणत्याच्या नजरेला पडतच नाहीत. आणि निम्म्याहून अधिक लोकांना कमी-जास्त प्रमाणात हँड-फूट सिंड्रोम होतो. आधी मुंग्या. मग गरम कप धरला की नेहमीपेक्षा जास्त चटका. मग तळवे ताठरतात, चकचकीत दिसू लागतात, सुजतात, आणि शेवटी भेगा आणि सालपटं. या उतरंडीवर पहिल्या पायरीला माणूस हातात सापडला, तर पुढचं बरंच टळतं.

या त्रासाच्या ग्रेड (पायऱ्या) तुम्हाला पाठ आहेत, पेशंटला नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी इथे सांगते. त्वचा बदलली आहे पण दुखत नाही, ही पहिली ग्रेड. दुखतंय आणि स्वयंपाक, फोन, बाजारहाट अशी कामं जड जायला लागली, ही दुसरी. बटण लावता येईना, आंघोळ करता येईना, संडासपर्यंत चालवेना, ही तिसरी. दुसरी ग्रेड आली की गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा असतो. त्रास पहिल्या ग्रेडवर उतरला की डॉक्टर ती पुन्हा सुरू करतात. मधल्या राहून गेलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात. एवढं वाक्य गोळ्यांच्या पहिल्या चिठ्ठीवर पेशंटच्या भाषेत लिहिलेलं असावं. आज ते नसतं, किंवा माहितीपत्रकाच्या सातव्या पानावर मुंगीच्या अक्षरात असतं.

लिहिलेलं नसलं की दोन प्रकारचे पेशंट तयार होतात. एक लपवणारे. यांना वाटतं, हात दाखवला तर डॉक्टर गोळी बंद करतील, आणि गोळी बंद झाली की गाठ वाढेल. मग तपासणीच्या दिवशी मोजे घालून येतात, हात पदराआड किंवा खिशात ठेवतात, आणि "काही त्रास?" या प्रश्नाला "नाही, ठीक आहे" म्हणतात. दुसरे स्वतःच निर्णय घेणारे. दोनाच्या जागी एक गोळी, किंवा एक दिवसाआड. तेही सांगत नाहीत, कारण ओरडा बसेल. तुम्ही पुढचा स्कॅन वाचता तेव्हा समोरच्या माणसाने औषध खरोखर किती घेतलं आहे, हे तुम्हाला ठाऊकच नसतं. दोघांनाही एकच गोष्ट वेळेवर ऐकायला हवी होती: डॉक्टरांनी ठरवून डोस थांबवला किंवा कमी केला, म्हणून उपचार वाया जात नाही. डोस बेतणं हा या उपचाराचाच भाग आहे. हे माझ्या तोंडून त्यांना पटत नाही. तुमच्या तोंडून पटतं.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. पेशंटचे पाय बघा. डोस ठरवायला तुम्ही दर सायकलला वजन घेताच. काट्यावरून उतरल्यावर खुर्चीत बसवून तळपाय वर करायला सांगायचे आणि दोन्ही तळहात समोर धरायला लावायचे. हे काम सिस्टरही करू शकतात, डॉक्टरच हवेत असं नाही. पहिल्या सलाईनआधी किंवा पहिल्या गोळीआधी एकदा पाहून ठेवलं तर आणखी चांगलं. जाड घट्टे, जुन्या भेगा, बुरशी लागलेली नखं यांचा बंदोबस्त तेव्हाच झालेला बरा. सोराफेनिब, सुनिटिनिब, रेगोराफेनिब या औषधांत तर घट्ट्यांच्या जागीच, दाब पडतो तिथेच, दुखरी जाड कातडी तयार होते. तेही पहिल्या काही आठवड्यांतच.

प्रतिबंधासाठी हाताशी काय आहे? 10 टक्के युरियाचं क्रीम पहिल्या गोळीच्या दिवसापासून, दिवसातून दोन-तीनदा आणि हात धुतल्यावर. भेग उघडी असेल तिथे ते झोंबतं, तिथे साधं व्हॅसलीन. जाड मऊ तळाची, सैल पादत्राणं. गरम पाण्यात हात-पाय बुडवून बसणं बंद. स्क्रू पिळणं, झाडू घट्ट धरून तासभर झाडणं, लांब चालणं, म्हणजे एकाच जागी घासणारं आणि दाबणारं काम सुरुवातीचे आठवडे कमी. आणि एक नवी गोष्ट, जी अजून पुरेशी पसरलेली दिसत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 264 पेशंटवर झालेली डायक्लोफिनॅक जेलची चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. हातांना हे जेल चोळणाऱ्यांत दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडचा त्रास 3.8 टक्के, आणि औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत 15 टक्के. एकाच केंद्रातली चाचणी आहे हे खरं. पण दुखऱ्या गुडघ्याला लावतात ते हे जेल, कुठेही मिळणारं. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांची ॲलर्जी नसेल तर विचार करायला हरकत काय? याउलट व्हिटॅमिन बी6 च्या गोळ्या. प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करून झालेल्या चाचणीत त्यांनी हँड-फूट सिंड्रोम टळला नाही. तरी त्या चिठ्ठीवर हटकून असतात. पेशंटला वाटतं, प्रतिबंधाचं औषध चालू आहे. मग तो क्रीम लावत नाही.

बर्फाबद्दल एक इशारा. तळव्यांना थंडावा बरा वाटतो आणि बऱ्याच पेशंटना तो चालतो. पण कॅपेसिटाबीनच्या जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन हे दुसरं केमोचं औषध चालू असेल तर गारवा हाच शत्रू. थंड वस्तूला हात लागला तरी मुंग्या आणि कळा येतात. सरसकट छापलेल्या "त्वचेची काळजी" पत्रकात "बर्फ लावा" लिहिलेलं असतं आणि ते पत्रक सगळ्यांना एकच असतं. अशी पत्रकं औषधागणिक वेगळी हवीत.

कॅपेसिटाबीनच्या गोळीची एक विचित्र बाजू: बोटांचे ठसे पुसट होतात. सिंगापूरचा एक 62 वर्षांचा गृहस्थ कॅपेसिटाबीन चालू असताना डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेला गेला. तिथल्या इमिग्रेशनवर त्याचे ठसे उमटेनात, आणि तो चार तास अडकून पडला. त्याच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये 'ॲनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी'त ही हकीकत पत्र लिहून छापली, आणि अशा पेशंटनी प्रवासात डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवावं असं सुचवलं. तेव्हापासून अंगठ्यावर चालणाऱ्या गोष्टी किती वाढल्या आहेत बघा. मोबाइल उघडेना म्हणून मोबाइल दुरुस्तीला टाकून आलेले पेशंट मी पाहिले आहेत. दोन ओळींचं पत्र द्यायला तुम्हाला काय लागतं?

आता रंगाचा मुद्दा. त्वचेच्या त्रासाची वर्णनं आपण ज्या पुस्तकांतून शिकलो, त्यात सगळीकडे लालसरपणा. गोऱ्या कातडीवर तो दिसतो. सावळ्या आणि काळ्या कातडीवर तोच दाह गडद तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो, आणि कधी नजरेला दिसतच नाही. फक्त हाताला गरम लागतो, आणि दाबल्यावर पेशंट हात मागे घेतो. लाली नाही म्हणून "ग्रेड शून्य" लिहून मोकळं होणं हे मी फाइलींमध्ये वारंवार वाचते. सावळ्या पेशंटच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. हात लावा, दाबा, विचारा.

टार्गेटेड औषधं, म्हणजे कर्करोगाच्या पेशींतल्या ठरावीक लक्ष्यावर काम करणारी, ही काटेकोरपणे केमो नव्हे, पण पेशंटच्या लेखी सगळं केमोच. सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब, एर्लोटिनिब यांसारख्या औषधांत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा, छाती, पाठीवर पुरळ येतं. दिसायला मुरूम, पण मुरूम नव्हेत. त्यात काळे-पांढरे तोंडाचे दाणे नसतात, खाज आणि आग असते. मुरमांची औषधं कातडी आणखी कोरडी करून प्रकरण चिघळवतात. इथे तर प्रतिबंधाचा पुरावा भक्कम आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेप' चाचणीत पॅनिटुमुमॅब घेणाऱ्या काही पेशंटना आधीपासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि डॉक्सिसायक्लिन दिलं. बाकीच्यांना पुरळ आल्यावर उपचार. सहा आठवड्यांत दुसऱ्या किंवा वरच्या ग्रेडचा त्रास पहिल्या गटात 29 टक्के, दुसऱ्यात 62 टक्के. पंधरा वर्षं झाली याला. तरी माझ्याकडे पुरळ उठल्यावरच पेशंट येतो.

या पुरळाबद्दल आणखी एक. ते उठणं हे बऱ्याचदा औषध लागू पडत असल्याचं लक्षण असतं. पेशंटला हे सांगितलं की धीर येतो, सांगायलाच हवं. पण "पुरळ चांगलं असतं" एवढंच सांगून उपचार न देणं, हा मात्र प्रकार मला सहन होत नाही. पुरळावर उपचार केल्याने औषधाचा गुण कमी होत नाही. शिवाय पुढे त्याच औषधाचे बाकीचे हप्ते यायचे असतात: कोरडेपणा, बोटांच्या टोकांना सुरीने कापल्यासारख्या भेगा, महिना-दोन महिन्यांनी नखुरडी. पापण्यांचे केस लांबून डोळ्यात टोचायला लागतात, तेही यातलंच. त्याची गंमत वाटते लोकांना, डोळा लाल होईपर्यंत.

नखांकडे वळू. डोसिटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल ही नखांची औषधं, म्हणजे नखांच्या मुळावर येणारी. नख पिवळं-काळं पडतं, खाली रक्त साकळतं, बुडापासून सुटतं. दर सायकलला नखाची वाढ अडते आणि एक आडवी घळ उमटते. घळी मोजून किती सायकली झाल्या हे सांगता येतं, इतकं हे नियमित. 2005 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी 45 पेशंटच्या एका हातात गोठवलेला हातमोजा घातला, दुसरा हात तसाच ठेवला. डोसिटॅक्सेल चालू होण्याआधी 15 मिनिटं, चालू असताना तासभर आणि नंतर 15 मिनिटं. मोज्यातल्या हाताच्या नखांना त्रास 11 टक्के, उघड्या हाताच्या 51 टक्के. अशी तुलना पेशंटला नुसती सांगितली तरी तो मोज्यासाठी हट्ट धरेल. दीड तास हात गोठवून बसणं सुखाचं नाही, हे कबूल. काहीजण मध्येच मोजा काढतात, आणि ज्यांची बोटं थंडीने पांढरी पडतात त्यांना तो देऊच नये. पण विचारून तर बघा. सध्या बहुतेकांना असा काही उपाय आहे हेच माहीत नसतं.

आता खास सिस्टर-ब्रदर मंडळींशी. त्वचेचं सगळ्यांत मोठं नुकसान सावकाश होत नाही, ते तुमच्या समोर काही मिनिटांत होतं. औषध शिरेबाहेर गेलं की. डॉक्सोरुबिसिन बाहेर झिरपलं तर आतली कातडी, स्नायू मरू शकतात. व्रण महिनोन् महिने भरत नाही, कधी प्लास्टिक सर्जरी लागते. तुम्हाला हे माहीत आहे. पण खुर्चीतल्या माणसाला माहीत नसतं. त्याला वाटतं केमो म्हणजे थोडं झोंबणारच, आणि तो दात-ओठ खाऊन गप्प बसतो. सुई लावताना प्रत्येक वेळी, दहावी सायकल असली तरी, एवढं म्हणा: "जरा जरी आग झाली, टोचलं, फुगलं तर लगेच हाक मारा, मी कितीही कामात असले तरी." हाक आली की सलाईन बंद, पण सुई उपसायची नाही. तिच्यातूनच जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढायचं. मग पुढचं औषधावर अवलंबून. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, विनक्रिस्टिन-विनब्लास्टिनला गरम. इथे उलटं केलं तर अपाय होतो. डॉक्सोरुबिसिनवरचा उतारा, डेक्सराझोक्सेन, सहा तासांच्या आत दुसऱ्या हातातून सुरू व्हायला हवा, आणि तो चालू व्हायच्या किमान 15 मिनिटं आधी थंड शेक काढायला हवा. तो उतारा तुमच्या इमारतीत कुठल्या कपाटात आहे, रात्री त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे आजच विचारून ठेवा. सहा तास चौकशीत सहज जातात.

काळवंडण्याबद्दल थोडक्यात. 5-एफयू (फ्लुरोयुरॅसिल) हे केमोचं औषध दिलेल्या शिरेवर सापासारखी काळी रेघ, ब्लिओमायसिननंतर अंगावर फटक्यांसारखे वळ, काळे तळवे, काळी नखं. हे सगळं बहुधा धोक्याचं नसतं आणि उपचार संपल्यावर महिन्यांनी फिकं होतं. पण आधी सांगितलेलं नसेल तर घरात घबराट उडते. उन्हाचं मात्र सांगायलाच हवं. 5-एफयू, मेथोट्रेक्सेट, डकार्बाझिन यांवर असलेल्या माणसाने अंग झाकून फिरावं, उघड्या भागावर एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन लावावं आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावं. आणि रेडिएशन होऊन गेलेल्या जागी डॉक्सोरुबिसिन, डोसिटॅक्सेल किंवा जेमसिटाबिननंतर पुन्हा भाजल्यासारखं उमटलं, तर ती ॲलर्जी समजून घाईने निष्कर्ष काढू नका. जुन्या रेडिएशनची आठवण कातडी ठेवते, हे 1959 पासून नोंदलेलं आहे.

आमच्या जमातीचंही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. आम्ही त्वचेचे डॉक्टर "केमो" हा शब्द ऐकला की हात आखडतो. "तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा" म्हणून पेशंटला परत धाडतो, आणि तुम्ही म्हणता "स्किनवाल्यांना दाखवा". पेशंट दोन ओपीडींच्या मध्ये फाइल घेऊन उभा. काही जण आमच्यातलेच, पुरळ बघून तुम्हाला न विचारता केमो बंद करायचा सल्ला देतात. तो अधिकार आमचा नाही. आणि काउंट खाली असताना पू दिसत नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही असं धरून चालतात. पू करायला पांढऱ्या पेशी लागतात, त्याच नसतील तर पू येणार कुठून? नुसती दुखरी, गरम, पसरणारी जागा किंवा नुसता 38 अंश सेल्सिअसचा (100.4 फॅरनहाइट) ताप एवढ्यावर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं. तसंच पुरळाबरोबर तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड आले, किंवा कातडी दुखून सुटायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. हे वाचणाऱ्या पेशंटनी ही दोन वाक्यं फोनमध्ये जपून ठेवावीत. आणि तुम्ही त्यांना एक नंबर द्यावा, जो रात्री कुणीतरी उचलतो.

रोजच्या काळजीचं फार काही नाही: कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, नखं सरळ कापायची, कडेची कातडी ओढायची नाही. हे कुणीही सांगू शकतं. पहिल्या दिवशी सांगितलं म्हणजे झालं.

पहिल्या सायकलआधी एकदा पाठवलंत तर पंधरा-वीस मिनिटांत मी पाहून, लिहून, क्रीम सुरू करून परत पाठवीन. दर वेळी पाठवायची गरज नाही. फक्त चिठ्ठीवर औषधांची नावं, डोस, शेवटची सायकल कोणत्या तारखेला झाली, ताजे काउंट आणि आधी रेडिएशन कुठे दिलं आहे, एवढं लिहा. "रॅश, कृपया पाहावे" एवढ्याच चिठ्ठीवर आलेल्या पेशंटची केमो कुठली, हे मला त्यांच्या मुलाच्या मोबाइलमधल्या बिलाच्या फोटोवरून शोधावं लागतं.

आपली,
एक त्वचारोगतज्ज्ञ